गणपतीमागची खिडकी

आमच्या कोलकात्यातल्या बागबाजारच्या घरात तीन पिढ्या पडदे नव्हते, आणि त्यावाचून कोणाचंही काहीही अडलं नव्हतं.

अडलं ते व्हिडिओ कॉलमुळे. सातारहून ताराआत्याचा फोन आला होता. आत्याचं वय शहाऐंशी, पण नजर अशी की समोरच्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण तिला फोनवरूनही दिसतं. त्या दिवशी तिला बटणाच्याही पलीकडचं दिसलं.

"श्री, तुझ्या मागे तो माणूस कोण बसलाय?"

मी वळून पाहिलं. "ते होय! ते घोषालबाबू. समोरच्या घरात राहतात."

"समोरच्या घरात? मला वाटलं, तुझ्याच सोफ्यावर बसलेत. आणि नेसलेत काय?"

"गमछा."

"आणि करतायत काय?"

"आंघोळीआधी मोहरीचं तेल चोळतायत. रोज चोळतात. थंडीत दोनदा."

आत्याने चष्मा सारखा केला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आणि याच खिडकीपुढे तू आपला गणपती बसवणार आहेस?"

आता इथे थोडा खुलासा करायला हवा. आमच्या घराण्याचा गणपती पाच पिढ्या सातारला. मूर्ती दरवर्षी नवी, पण तिच्या डोक्यावरचा चांदीचा मुकुट जुना. मुकुट ज्याच्या घरी, गणपती त्याच्या घरी. तो सांभाळणारा माझा थोरला चुलतभाऊ, म्हणजे दादा, आता गुडघ्यांपायी मुलाकडे बंगळुरूला कायमचा निघाला होता. मुकुट कुणाकडे जाणार, हे ठरवायचा हक्क आत्याचा. उमेदवार दोन : नाशिकचा धाकटा चुलतभाऊ विनय आणि कोलकात्याचा मी. 'या वर्षी श्रीकडे बसवून बघू, जमलं तर जमलं, नाहीतर पुढच्या वर्षीपासून नाशिक,' असा निकाल तिने दिला होता. आणि मुकुट घेऊन ती स्वतः येणार होती.

मला तो गणपती हवा होता. अगदी मनापासून हवा होता. माझे वडील जन्मभर दरवर्षी दोन रात्री आगगाडीत काढून दीड दिवसाच्या गणपतीला सातारला जायचे आणि परतताना हावडा स्टेशनवर उतरलं की म्हणायचे, "एकदा आपल्याकडे यायला हवा रे." तो आला नाही, आणि ते गेले. त्यामुळे आत्याचा प्रश्न ऐकताच मी फोन घेऊन आधी खिडकीपुढून बाजूला सरकलो.

"आत्या, काळजी करू नकोस. पडदे लावतो," मी म्हणालो.

"लाव बाबा. विनयकडे तर पडदे बटणावर उघडतात," आत्या सहज म्हणाली. (आमच्या घराण्यात सहज असं काही कोणी म्हणत नाही.)

फोन ठेवल्यावर बायको, माधवी, म्हणाली, "त्यात काय एवढं? मागच्या एका खिडकीला आईंची जुनी नऊवारी बांधू. छान काठ दिसेल. दीड दिवसाचा तर प्रश्न."

हा सल्ला मी तिथल्या तिथे मान्य केला असता, तर ही आठवण इथेच संपली असती. पण मी पडलो विम्याचा सर्वेयर! दुसऱ्याचं घर जळलं, बुडलं, कोसळलं, की टेप घेऊन मी हजर. मोजमाप हा माझा प्रांत. मी म्हणालो, "एका खिडकीला नाही. पाचही खिडक्यांना. आणि निवड मी करणार."

"तुम्ही?" माधवी म्हणाली. एवढंच म्हणाली. पुढे काही बोलली असती तर बरं झालं असतं.

आमच्या दिवाणखान्याच्या खिडक्या म्हणजे जुन्या उत्तर कोलकात्याच्या खिडक्या. नऊ-नऊ फूट उंच. बाहेरून हिरव्या लाकडी पट्ट्यांची दारं, ती गल्लीत उघडतात. आतून काचेची तावदानं, ती खोलीत उघडतात. शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मी बडाबाजारातल्या एका दुकानातून कापडाचे तेरा नमुने आणले आणि खिडक्यांवर टाचण्यांनी लावले. मग त्यांचा अभ्यास सुरू झाला. सकाळच्या उजेडात पिवळा बरा वाटे, दुपारी तोच कावीळ झाल्यागत दिसे. निळा संध्याकाळी शोभे, पण त्यावर पाली फार उठून दिसत. मी प्रत्येक नमुन्यासमोर खुर्ची टाकून बसायचो. पलीकडून घोषालबाबूही तेल चोळता चोळता अभ्यासात भाग घ्यायचे. आमच्यातली गल्ली इतकी अरुंद आहे, की हात लांब केले तर वर्तमानपत्राची देवाणघेवाण होते. (होतेच! त्यांचं इंग्रजी आणि आमचं बंगाली आम्ही तीस वर्षं अशीच बदलून वाचतो.)

"लाल घ्या, लाल," ते बंगालीत म्हणायचे. "पण कशाला घेताय एवढं सगळं?"

तुमच्यामुळेच, असं त्यांना सांगायचं कसं? मी आपला हसायचो.

असे अठरा दिवस गेले. शेवटी माधवीने हात टेकले. "अहो, मला बघायला आला होतात तेव्हा अर्ध्या तासात होकार दिलात! आणि पडद्याला अठरा दिवस?"

"तेव्हा अनुभव नव्हता," मी म्हणालो. दोन दिवस स्वयंपाकघरातून फक्त भांड्यांचे आवाज आले.

अखेर मी निवड केली. शेवाळी रंगाची मखमल!

"मखमल?" माधवी म्हणाली. "भाद्रपदात? कोलकात्यात? इथे अंगावर मलमल सहन होत नाही!"

"मखमल खिडकीने नेसायची आहे, तू नाही," असं म्हणून मी पंचेचाळीस मीटरचा अख्खा तागा टॅक्सीत घालून घरी आणला. ड्रायव्हरच्या शेजारी तो बसला आणि मागे मी त्याचं दुसरं टोक मांडीवर घेऊन.

तागा घेऊन शिंप्याकडे गेलो. दुकानाच्या दाराला पाटी : 'पूजेपर्यंत ऑर्डर बंद.' दुसऱ्याकडे गेलो, तीच पाटी. तिसऱ्याने तर मला लांबूनच पाहून मान हलवली. मी कपाळावर हात मारला. दुर्गापूजेच्या आधी महिनाभर या शहरातला कुठलाही शिंपी साधी उशीची खोळसुद्धा घेत नाही, सगळं गाव पूजेचे कपडे शिवत असतं. आणि आपला गणपती नेमका त्याच महिन्यात येतो! जन्म इथला, वय चोपन्न, आणि हे मला सांगायला शिंप्याची पाटी लागली. विनय नाशिकला बटण दाबत होता. माझ्याकडे चार दिवस होते आणि पंचेचाळीस मीटर मखमल.

तागा खांद्यावर घेऊन परतताना गल्लीच्या तोंडाशी स्वपनदा भेटला. स्वपनदा म्हणजे आमच्या पाड्यातल्या (इथे मोहल्ल्याला पाडा म्हणतात) पूजेचा मंडप उभारणारा. बांबूच्या सांगाड्यावर वानरासारखा बसला होता.

"की दादा, एवढं कापड?"

मी त्याला सगळी कर्मकथा सांगितली. तो सरसर खाली उतरला, मखमल दोन बोटांत धरून पाहिली आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "कोनो चिंता नेई! शिंपी काय करणार? मी करून देतो. उद्या-परवा मला वेळ नाही. तुमची पाहुणी यायच्या दिवशी दोन तासांत काम फत्ते!"

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. (तागा मध्ये होता.)

ठरल्या दिवशी मी दमदम विमानतळावर आत्याला आणायला गेलो. माधवी स्वयंपाकघरात नारळ खवत होती. स्वपनदा तीन माणसं, एक शिडी आणि टाचण्यांचा डबा घेऊन घरात शिरला.

एक गोष्ट मला माहीत असायला हवी होती. मंडपवाला कापड कधीही कापत नाही. तेच कापड त्याला पुढच्या मंडपाला लावायचं असतं. तो ते चुण्या घालत, टाचण्या मारत अखंड पुढे पुढे नेत राहतो. कापणं हे त्याच्या लेखी पाप. आणि दुसरी गोष्ट, मंडपाला खिडक्या नसतात.

आत्याचा हात धरून मी तिला दोन जिने चढवत वर आणलं. दार उघडलं. आणि मला वाटलं, आपण दुसऱ्याच्या घरी आलो!

भिंती नव्हत्या. चारी बाजूंनी छतापासून जमिनीपर्यंत चुण्याचुण्यांची शेवाळी मखमल. कोपऱ्याकोपऱ्यात झालरी. छताला स्वपनदाने पदरचं पांढरं कापड लावून मध्यभागी भलंमोठं फूल काढलं होतं.

आत्याने चष्मा पुसला. "श्री, पडदे छान आहेत. खिडक्या कुठे आहेत?"

मला सांगता येईना. खरोखर सांगता येईना! इतक्यात पश्चिमेच्या मखमलीतून माधवीचा आवाज आला, "अहो, आलात का? मला बाहेर काढा! यांनी स्वयंपाकघराचं दार बंद केलंय!"

मी मखमल चाचपत गेलो. एके ठिकाणी मऊ लागलं. "अहो, ते माझं नाक आहे!" माधवी ओरडली. चार टाचण्या काढल्यावर ती बाहेर आली, हातात खवणी तशीच, आणि आत्याच्या पाया पडली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी हे लिहायला उरलो नसतो.

स्वपनदा कौतुकासाठी उभा होता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "आणि येताना जिन्याला कमान पाहिलीत ना दादा, ती वेगळी केलीय हां! आपल्याकडून भेट."

काढायला सांगावं तर त्याच्याकडे आता पूजेपर्यंत वेळ नव्हता. पंखा लावला तर छताचं फूल पात्यांत ओढलं जाई. तावदानं उघडावीत तर ती आत उघडणारी, आणि आत मखमल तटून बसलेली! उघडणार कुठे? आत्या जाजमावर बसून पदराने वारा घेत होती. "नाशिकला एसी आहे," ती सहज म्हणाली.

संध्याकाळी खालून घोषालबाबूंची हाक आली. मी जिना उतरून गेलो. ते गल्लीत उभे, चेहरा चिंतेने काळवंडलेला. "तीस वर्षांत तुमची खिडकी बंद पाहिली नाही. घरात कोणी आजारी आहे का?"

"नाही, नाही. पडदे लावलेत."

"ओ," ते म्हणाले. फक्त 'ओ'. आणि हातातलं इंग्रजी वर्तमानपत्र तसंच बगलेत धरून परत गेले. मला फार वाईट वाटलं. माधवी लगेच खाली जाऊन त्यांना नवरा-बायकोला दुसऱ्या दिवशीच्या आरतीचं आमंत्रण देऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमारटुलीच्या मूर्तिकारांकडून मूर्ती आणली. पोट जरा बंगाली वळणाचं, पण डोळे प्रेमळ. पूर्वेच्या भिंतीपुढे चौरंगावर बसवली, प्राणप्रतिष्ठा झाली, आत्याने पिशवीतून मुकुट काढून स्वतःच्या हाताने चढवला. तो नेमका बसला. त्या क्षणी मला वडील आठवले, डोळे भरून आले, आणि डोळे पुसतो तर दारात वीस अनोळखी माणसं उभी!

"कोण आपण?"

"ठाकुर पाहायला आलो," ते म्हणाले, म्हणजे देव पाहायला. जिन्याची कमान आपलं काम करत होती. बागबाजारात कापडाची कमान दिसली की माणूस चपला काढूनच आत शिरतो, त्याला आमंत्रण लागत नाही. जिन्यात रांग, रांगेचं शेपूट गल्लीत. एका काकूंनी मखमलीवरून हात फिरवून विचारलं, "यंदा थीम काय?"

माधवी शांतपणे म्हणाली, "भट्टी."

आणि भट्टीच झाली होती! भाद्रपदातलं ऊन, मखमल, समया, धूप आणि चाळीस माणसं. मोदकांना वेगळी वाफ द्यायची गरज राहिली नव्हती. तशात आरती सुरू झाली. आत्याच्या हातात तबक. आणि दोन कडव्यांनंतर मला दिसलं, आत्याचा आवाज दमतोय, कपाळावरून घाम निथळतोय, तबक खाली खाली येतंय.

मी घाबरलो. मुकुट गेला नाशिकला तर जाऊ दे, पण आत्याला काही झालं तर? हवा हवी होती. ताबडतोब! आठवलं, गणपतीच्या बरोब्बर मागे ती खिडकी. मी मूर्तीमागे सरकलो, खाली वाकलो आणि मखमल उचलून तिच्यामागे शिरलो. अंधारात तावदानाची कडी सापडली. आरती म्हणत म्हणतच मी ती सर्व ताकदीनिशी आत ओढली.

तावदान उघडलं आणि मखमलीत जोरात घुसलं. टप्प! एक टाचणी उडाली. टप्प, टप्प! मग पूर्वेकडून दक्षिणेला, दक्षिणेकडून पश्चिमेला, टपटपटपटप! पंचेचाळीस मीटर, अखंड, कुठेही न कापलेलं! लोक बिचारे मधोमध दाटीने उभे होते म्हणून वाचले. भिंतीवरची सगळी मखमल भिंतीच्या पायाशी आली, आणि पूर्वेकडची माझ्यावर. पडता पडता मी आधाराला बाहेरचं लाकडी दार धरायला गेलो, ते धाडकन गल्लीत उघडलं, आणि मी जमिनीवर गुडघे-हात टेकून मखमलीखाली गडप झालो.

वारा आला. गंगेवरून येणारा भर दुपारचा वारा माझ्या डोक्यावरून दिवाणखान्यात शिरला. सगळी खोली 'आहा' म्हणाली. आणि त्याच वेळी समोरून शंख वाजला.

हे पुढचं मला माधवीने सांगितलं, कारण मला काहीही दिसत नव्हतं. समोरच्या खिडकीत घोषालबाबू उभे होते. जिन्यातली रांग पाहून ते दोघं वर येऊच शकले नव्हते, म्हणून घरी जाऊन आपल्याच खिडकीत, आमच्या बंद खिडकीकडे तोंड करून आरती ऐकत उभे राहिले होते. कडक इस्त्रीचं धोतर, रेशमी पंजाबी झब्बा, हातात काशाची थाळी. बाजूला त्यांच्या पत्नी शंख घेऊन. खिडकी उघडली, गणपती दिसला, आणि त्यांनी थाळीवर टिपरू मारलं. ठण्! ठण्! ठण्! बायकांनी उलू केला, तो जीभ हलवून काढायचा मंगल आवाज. आत्याला जी हुशारी आली म्हणता! थकलेला आवाज टणटणीत झाला. एक आरती संपली की दुसरी. शंकराची, देवीची, विठोबाची, दत्ताची. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी चाळीस माणसं टाळ्या वाजवत होती.

आणि सुरू झालेली आरती आमच्या घराण्यात मध्ये थांबवत नाहीत. आकाश कोसळलं तरी नाही, तर माझ्यावर मखमल कोसळली म्हणून काय थांबवणार! शर्टात नऊ-दहा टाचण्या अडकलेल्या, हललं की टोचायच्या. मी सातही आरत्या आणि मंत्रपुष्पांजली मखमलीखाली, रांगत्या अवस्थेत म्हटली. कोणी तरी फोटोही काढले.

शेवटी घोषालबाबूंबद्दल आत्याने माधवीला विचारल्याचं ऐकू आलं, "हाच का तो तेलवाला?"

"हो आत्या."

"भला माणूस दिसतो." मग तबक खाली ठेवल्याचा आवाज आला. "माधवी, मुकुट इथेच राहू दे. सातारला शेवटी शेवटी आरतीला आम्ही चौघं असायचो. विनयने बटण दाबून पडदा उघडला तरी समोर गाड्याच दिसतात. इथे देवाला शेजार आहे. फक्त या खिडकीला परत कधी चिंधी लावू नका."

मखमलीखाली मी रडलो. आनंदाने रडलो, आणि थोडा टाचण्यांमुळेही. बाबा, आला हो आपल्याकडे!

मला बाहेर काढलं ते रांग ओसरल्यावर. तोवर फोटो आणि आत्याचा निकाल दोन्ही घराण्याच्या ग्रुपवर पोचलेही होते. मध्ये मुकुट घातलेला गणपती, शेजारी तबक घेतलेली हसरी आत्या, मागे उघड्या खिडकीत घोषालबाबू. नाशिकहून विनयचं उत्तर आलं : 'हार मान्य! आणि मूर्तीमागचा हिरवा डोंगर तर अप्रतिम. अगदी खरा वाटतो. कोणाकडून करून घेतलात?'

माधवीने फोन घेतला आणि लिहिलं, 'घरचाच आहे. दरवर्षी हाच ठेवणार.'